आधी राख निवू द्या

२६ डिसेंबर २०२४ च्या रात्री मनमोहन सिंग गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अर्थकारणापेक्षा त्यांच्या जागेची चर्चा मोठी झाली. जागा म्हणजे यमुनेकाठची. पुढे स्मारक उभं राहू शकेल अशाच ठिकाणी अंत्यसंस्कार व्हावेत, असं पत्र काँग्रेस अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी पंतप्रधानांना लिहिलं. स्मारकाला जागा देऊ, पण त्यासाठी आधी न्यास स्थापन व्हायला हवा आणि त्याला वेळ लागेल, असं सरकारकडून सांगण्यात आलं. २८ तारखेला निगमबोध घाटावर अंत्यसंस्कार झाले. काँग्रेस म्हणाली, देशाच्या पहिल्या शीख पंतप्रधानाचा हा अपमान आहे. भाजपने विचारलं, नरसिंह रावांच्या वेळी तुम्ही काय केलं होतं? दोघांचेही एकमेकांवरचे आरोप खरे होते, हीच तर पंचाईत.

या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. यमुनेकाठी आता जागा उरलेली नाही, तेव्हा यापुढे प्रत्येकाची वेगळी समाधी नको, सगळ्यांसाठी मिळून एकच 'राष्ट्रीय स्मृतिस्थळ' असावं, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१३ मध्ये घेतला होता. तेव्हाचे पंतप्रधान होते मनमोहन सिंग.

भांडण चाललं होतं ते 'कुठे' आणि 'किती' यावर. 'कधी' हा प्रश्न कुणाच्या तोंडी नव्हता. मला बोलायचं आहे ते त्याच प्रश्नाबद्दल. राष्ट्रीय नेत्याच्या नावाने शहरात समाधिस्थळ किंवा उद्यान करायचं की नाही, हे त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ठरवावं. त्याच्यामुळे तिकीट मिळालेले आणि त्याच्यामुळे तिकीट कापले गेलेले, असे दोघेही तोवर बाजूला झालेले असतील. चिता धगधगत असताना जमीन मोजायला बसू नये.

दिल्लीतल्या समाध्यांकडे नुसतं आकड्यांनी पाहिलं तरी मुद्दा लक्षात येतो. राजघाट सुमारे ४४ एकरांचा. नेहरूंचं शांतिवन ५२ एकर, शास्त्रींचा विजय घाट ४०, इंदिरा गांधींचं शक्तिस्थळ ४५. चरणसिंगांचा किसान घाट १९, राजीव गांधींची वीरभूमी १५, जगजीवनराम यांचं समतास्थळ साडेबारा. ग्यानी झैलसिंग यांचं एकतास्थळ धरून बेरीज अडीचशे एकरांच्या घरात जाते. शक्ती, वीर, किसान, समता, एकता... नावं ओळीने वाचली की निवडणुकीचा जाहीरनामा वाचल्यासारखं वाटतं. वाजपेयींच्या वाट्याला मात्र दीडच एकर आला, कारण तोपर्यंत एकत्रित स्मृतिस्थळाचा निर्णय झालेला होता. 'सदैव अटल' २५ डिसेंबर २०१८ ला, म्हणजे त्यांच्या निधनानंतर चार महिन्यांत उभं राहिलं. चार महिन्यांत सरकारी बांधकाम पुरं होतं, यावर मी अजून विचार करतो आहे.

गांधींची गोष्ट वेगळी मानावी, आणि ती तशी आहेच. ३१ जानेवारी १९४८ ला जिथे अग्नी दिला, तिथे काळ्या दगडाचा एक साधा चौथरा आहे, वर आकाश मोकळं. त्या समाधीच्या व्यवस्थेसाठी १९५१ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. पण राजघाट हा अपवाद न राहता पायंडा झाला, आणि तो पाडला गेला नेहरूंच्या नावाने. नेहरूंनी तर मृत्युपत्रात आपल्या राखेचं काय करायचं ते लिहून ठेवलं होतं. मूठभर राख प्रयागला गंगेत सोडावी आणि उरलेली विमानातून या देशातल्या शेतांवर उधळावी, म्हणजे ती मातीत मिसळून जाईल, वेगळी ओळखू येणार नाही, अशी त्यांची इच्छा होती. १९५४ साली लिहिलेला तो मजकूर म्हणजे एका नास्तिकाने मागितलेलं विसर्जन आहे. राख उधळली गेलीही. पण ज्या माणसाला मातीत ओळखू न येण्याइतकं मिसळायचं होतं, त्याच्या नावाने बावन्न एकर आखले गेले. सोळा वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच शांतिवनात संजय गांधींवर अंत्यसंस्कार झाले आणि तिथे त्यांचीही समाधी झाली. मंत्रिपद त्यांनी कधी भूषवलेलं नव्हतं, खासदार होऊनही जेमतेम सहा महिने झाले होते. पण आई पंतप्रधान होती. त्या घरावर कोसळलेलं दुःख खरं होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मात्र ज्या घरात दुःख होतं त्याच घरात जमिनीचा निर्णय घेण्याची सत्ताही होती, आणि अशा वेळी 'नाही' म्हणणारा अधिकारी कुठून यायचा?

या रांगेत जे नाहीत, त्यांच्याकडे पाहिलं तर आणखी कळतं. मोरारजी देसाईंचा अभय घाट अहमदाबादला आहे. विश्वनाथ प्रताप सिंग गेले २७ नोव्हेंबर २००८ ला. मुंबईवरचा हल्ला तेव्हा चालू होता आणि सारा देश टीव्हीवर ताजमहाल हॉटेलचा धूर बघत होता. माजी पंतप्रधान गेल्याची बातमी त्या धुरातच विरली. त्यांच्यावर अलाहाबादला अंत्यसंस्कार झाले, दिल्लीत समाधीबिमाधी काही झाली नाही. मंडल आयोगाची अंमलबजावणी करणाऱ्या या माणसाचा पुतळा बरोबर पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, चेन्नईत उभा राहिला. जे राज्य त्यांचं नाही, जी भाषा त्यांची नाही, तिथे. काळ थोडा मध्ये गेला की खरा ऋणको कोण ते आपोआप पुढे येतं, ते असं.

नरसिंह रावांची कहाणी तर आपल्या जास्त जवळची. रामटेकने त्यांना दोनदा लोकसभेवर पाठवलं, आणि मराठी त्यांना तेलुगूत अनुवाद करण्याइतकी येत होती. २३ डिसेंबर २००४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार दिल्लीतच व्हावेत असं घरच्यांना वाटत होतं. पार्थिव पक्षाच्या मुख्यालयापाशी नेण्यात आलं, पण फाटक उघडलं नाही. शेवटी हैदराबादला हुसेन सागराच्या काठी अंत्यसंस्कार झाले. २०१५ मध्ये, केंद्रात विरोधी पक्षाचं सरकार आल्यावर, एकतास्थळाच्या आवारात त्यांना जागा मिळाली आणि २०२४ मध्ये भारतरत्न. म्हणजे एकाच माणसाला त्याच्या पक्षाने जागा नाकारली आणि प्रतिस्पर्ध्याने दिली, दोन्ही वेळा कारण एकच होतं. १९९१ च्या आर्थिक सुधारणांचं मूल्यमापन या दोन्ही निर्णयांत औषधालाही सापडत नाही. ही सगळी जमीन म्हणजे पक्षांच्या रागालोभाची खतावणी झाली आहे. नावं देशाची, नोंदी मात्र घरच्या.

आणि हे फक्त दिल्लीतच घडतं असं नाही. ७ ऑगस्ट २०१८ ला चेन्नईत करुणानिधी गेले. त्यांना मरीना किनाऱ्यावर अण्णादुराईंच्या शेजारी जागा हवी, असं द्रमुकचं म्हणणं. राज्यात सरकार अण्णा द्रमुकचं. न्यायालयात मरीनावरच्या स्मारकांविरुद्ध याचिका असल्याचं सांगून त्यांनी नकार दिला. मग मद्रास उच्च न्यायालयाची सुनावणी रात्री सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागला: मरीनावर दफन करू द्या. बाहेर लाखोंचा समुदाय, आत पार्थिव आणि न्यायाधीशांपुढे किनारपट्टीचे नियम. अशा रात्री कुठलाही न्यायाधीश दुसरा कोणता निर्णय देणार होता? मी त्याला दोष देत नाही. तो प्रश्न त्या रात्री त्याच्यापुढे यायलाच नको होता.

पंचवीस हा आकडा काही मी ज्योतिषाला विचारून काढलेला नाही. अमेरिकेत १९८६ पासून तसा कायदाच आहे. राजधानी वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारच्या जमिनीवर एखाद्या व्यक्तीचं स्मारक करायचं, तर तिच्या मृत्यूला पंचवीस वर्षं होऊन जावी लागतात. या कायद्यामुळे तिथे सगळं सोवळ्यात चालतं असं मात्र समजू नये. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या स्नेह्याला सांगून ठेवलं होतं की स्मारक करायचंच असेल तर माझ्या टेबलाएवढा एक दगड बसवा, बस्स. १९६५ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारासमोर तसा दगड बसवलाही. पण लोकांचं तेवढ्यावर भागलं नाही, आणि १९९७ मध्ये त्यांच्या नावाने साडेसात एकरांचं भलंमोठं स्मारक झालंच. आयझेनहॉवर १९६९ मध्ये गेले, त्यांचं स्मारक २०२० मध्ये खुलं झालं. मधल्या काळात नातवंडांनी आराखड्यावर हरकत घेतली, वाद झाले, आराखडा बदलला. हे सगळं कटकटीचं होतं, पण जाहीर होतं, आणि दारात कुणाचं पार्थिव खोळंबलेलं नव्हतं. एवढा फरकही मला पुरेसा वाटतो.

आता या सूचनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप. ज्यांच्या हाती कायम सत्ता आणि जमीन होती, त्यांना पंचवीस वर्षं थांबा म्हणणं सोपं आहे. पण ज्यांना शहरात कधी जागाच मिळाली नाही, त्यांनाही थांबायला सांगणं म्हणजे पुन्हा वेशीबाहेरच उभं करणं नव्हे काय? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पण बाबासाहेबांचं उदाहरण नीट पाहिलं, तर ते पंचवीस वर्षांच्या नियमाच्या बाजूनेच साक्ष देतं असं मला वाटतं. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार. दिल्लीने यमुनेकाठी काही आखून दिलं नाही. चैत्यभूमी उभी राहिली ती लोकांच्या वर्गणीतून, त्यांचे पुत्र भय्यासाहेब आंबेडकर यांच्या खटपटीतून. १९७१ मध्ये भय्यासाहेबांच्या पत्नी मीराताईंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. दरवर्षी ६ डिसेंबरला तिथे जी गर्दी लोटते, ती कुठल्याही सरकारने गाड्या पाठवून जमवलेली नसते. लोकांचं दुःख आपली जागा आपण शोधतं, त्याला भूखंड क्रमांक लागत नाही.

दादरच्या इंदू मिलची जमीन स्मारकासाठी द्या, ही मागणी पुढे आली तेव्हा बाबासाहेबांना जाऊन पन्नास वर्षं उलटली होती. डिसेंबर २०११ मध्ये कार्यकर्ते मिलच्या आवारात शिरले, ठाण मांडून बसले, आणि सरकारला साडेबारा एकर सोडावे लागले. अर्ध्या शतकानंतरही ज्याच्यासाठी माणसं गिरणीच्या भिंती ओलांडून आत जातात, त्याच्या स्मारकाबद्दल कुणाला शंका असायचं कारण नाही. पंचवीस वर्षांच्या कसोटीला तो नेता दुप्पट उतरला. घोळ झाला तो पुढे, प्रकल्प सरकारच्या हाती गेल्यावर. ऑक्टोबर २०१५ मध्ये भूमिपूजन झालं. मग पुतळ्याची उंची वाढत गेली, चौथऱ्यासह साडेचारशे फुटांवर गेली, खर्च हजार कोटींच्या पुढे गेला आणि तारखा सरकत राहिल्या. जानेवारी २०२० मध्ये वाडिया रुग्णालयाच्या थकलेल्या अनुदानाचं प्रकरण उच्च न्यायालयापुढे होतं. पुतळ्यांना पैसा आहे आणि रुग्णालयाला नाही, असं न्यायालयाने तेव्हा सुनावलं. स्मारकाचा निधी वाडियाला द्या, असं म्हणणारे होते खुद्द प्रकाश आंबेडकर. ज्यांच्या घरचा प्रश्न, त्यांनाच उंचीचं अप्रूप नव्हतं. पंचवीस वर्षं थांबायला शिकवता येईल, पण फूट मोजायची हौस कशी घालवायची याला माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक छळतो, कारण त्यात निम्मं तथ्य आहे. शहरातली मोकळी जमीन राखायला नेत्याचं नाव लागतं. नुसत्या बागेवर आरक्षण बदलून मजले चढतात. समाधीवर कोण चढवणार? नेत्याचं नाव हेच कुंपण. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते आठवा. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी राखला होता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि तो तिसरा हिस्सा जमिनीच्या फक्त आधीच रिकाम्या तुकड्यापुरता उरला. शहराच्या हाती बागांऐवजी चिंधोट्या आल्या. इंदू मिलचे साडेबारा एकर मात्र अखंड राहिले, ते बाबासाहेबांच्या नावामुळेच. दिल्लीतही तेच. यमुनेच्या पूरमैदानात अक्षरधाम झालं, राष्ट्रकुल स्पर्धांसाठी इमारती झाल्या. पण समाध्यांची पट्टी हिरवी राहिली. पाहुण्या राष्ट्रप्रमुखांनी लावलेली झाडं आता चांगली पोक्त झाली आहेत. म्हणजे ज्या अडीचशे एकरांना मी मघाशी नाक मुरडलं, ते नसते तर तिथे आज काय असतं, याची कल्पना करवत नाही.

म्हणून ती जमीन परत घ्या असं मी म्हणत नाही. ती हिरवी ठेवायला प्रत्येक वेळी एक माणूस मरावा लागतो, हे मला पटत नाही. पूरमैदान नदीचं असतं, आणि नदी ते विसरलेली नाही. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि राजघाटाच्या आवारात पाणी शिरलं. त्या पाण्याला आतला चौथरा कुणाचा आहे हे ठाऊक नव्हतं. पूरमैदान राखायचं तर ते पूरमैदान म्हणून राखणारा कायदा हवा. मैदान राखायचं तर ते मैदान म्हणून. शिवाजी पार्कच्या बाबतीत दादरकरांनी हे आपल्यापुरतं ओळखलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकरांवर तिथे अंत्यसंस्कार झाले आणि लगोलग स्मारकाची मागणी आली, तेव्हा मैदानाची स्मशानभूमी करू नका, असं वेगवेगळ्या पक्षांच्या लोकांनी बोलून दाखवलं. मंगेशकर कुटुंबानेही तिथे स्मारक नको, असं सांगून वादावर पडदा टाकला. लतादीदींच्या आठवणीचं त्यामुळे काय बिघडलं?

आणि पंचवीस वर्षांनी स्मारक करायचं ठरलंच, तर ते कसं असावं? याबद्दल मी फार बोलणार नाही. वास्तुविशारदांना त्यातलं जास्त कळतं. माझी एकच अट: नेता कोण होता हे ठाऊक नसलेल्या माणसालाही तिथे यावंसं वाटलं पाहिजे. गवतावर बसलं की शिट्टी वाजते आणि चौथऱ्यावर फुलं पडतात ती वर्षातून दोनदा, सरकारी पुष्पचक्रातली. अशी जागा शहराच्या कामाची नाही आणि नेत्याच्याही नाही.

चरणसिंगांना लोकसभेला एकदाही सामोरं न जाता राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या त्या अल्पायुषी सरकारातले उपपंतप्रधान होते यशवंतराव चव्हाण. चरणसिंगांना यमुनेकाठी एकोणीस एकर मिळाले. यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत गेले, त्यांना कराडला आणलं, आणि जिथे कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी झाली. तिथेही राजकारण येतं, नाही असं नाही. दर २५ नोव्हेंबरला सगळ्या पक्षांचे पुढारी रांगेने नमस्कार करून जातात, आणि २०१३ मध्ये धरणाबद्दलच्या त्या वक्तव्यानंतर अजित पवार आत्मक्लेश करायला येऊन बसले होते ते इथेच. पण उरलेल्या दिवशी तो संगम गावाचा असतो. पंचवीस वर्षांचा नियम कुणी लावला नव्हता, तरी जागा गावाने वापरून वापरून आपली करून घेतली.

मी गेलो होतो तेव्हा दिवस मावळत आला होता. म्हातारी माणसं कट्ट्यावर बसून नदीकडे तोंड करून गप्पा मारत होती, मुलं पळत होती. समाधीच्या बाजूला उभा असलेला विशीतला एक मुलगा फोनवर कुणाला तरी वैतागून सांगत होता, "अरे कुठं शोधतोयस? समाधीपाशीच थांबलोय की मगापासनं."